एकोणिसाव्या शतकातलं घर आणि त्यातली पोरं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

घराण्याची जुनी माहिती जमवायला लागल्यापासून भाचरं, शेजारची शाळकरी पोरं (प्रोजेक्ट असतं ना!) आणि परदेशातली चुलत-मावस मंडळी मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकतेय. हे साधारण १८३० ते १९०० मधलं आहे आणि मुख्यतः पुणे, सातारा, नाशिक, मुंबई आणि कोकण इकडचं.

त्या काळचं बालपण नक्की कसं होतं?

कुणाचं, ते आधी सांगा. 'जुन्या काळचं घर' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे लगेच चौसोपी वाडा येतो, मधे तुळशीवृंदावन, ओटीवर झोपाळा, माजघरात पोरांचा कलकलाट. याचं कारण सोपंय, ज्यांनी आठवणी लिहून ठेवल्या ते बहुतेक अशाच घरातले होते. त्या वाड्याच्या मागच्या दारी मोळी टाकून जाणाऱ्या बाईच्या पोराने काही लिहून ठेवलं नाही. कुणब्याचा पोरगा सात-आठ वर्षांचा झाला की गुरांमागे जायचा, जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरं हाकायचा. सुताराचा, कुंभाराचा, लोहाराचा मुलगा बापाच्या हाताखाली, भाता ओढ, माती तुडव, आणि तीच त्याची शाळा. महारवाड्यातल्या पोराला गावच्या विहिरीवर पाणीसुद्धा भरता येत नव्हतं. त्यामुळे खाली जिथे मी 'घरात' म्हणेन तिथे कुणाचं घर ते शक्यतो सांगत जाईन, तुम्हीही इतर कुठे वाचताना हा प्रश्न विचारत जा.

एका घरात माणसं किती असायची?

वाड्यात वीस-पंचवीस म्हणजे काही विशेष नाही. आजोबा, आजी, चार मुलगे, त्यांच्या बायका, पोरं, एखादी विधवा आत्या, गावाहून शिकायला आलेला भाचा, शिवाय वारावर जेवायला येणारा विद्यार्थी. वार लावणं म्हणजे गरीब मुलाने सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी असं जेवायचं, पुण्यात कितीतरी पोरं असंच जेवून शिकली. शेतकऱ्याच्या घरी माणसं कमी असतील असं नाही, जागा कमी. एक सोपा, एक माजघर, तिथेच एका बाजूला गोठा. पावसाळ्यात माणसं आणि वासरं एकाच छपराखाली, आणि पोरांना त्यात ऊबच लागायची असं म्हणतात, वासाचं काय ते मला विचारू नका.

आमची पणजी तिच्या आईला 'वहिनी' म्हणायची म्हणे. हे काय प्रकरण?

अगदी खरं. हे कितीतरी घरांत होतं आणि माझा हा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. एकत्र घरात मूल आईला कुणाकडून हाक मारलेली ऐकणार? धाकट्या दिराकडून, म्हणून 'वहिनी'. पुतण्यांकडून, म्हणून 'काकू'. बाप तर बायकोला नावाने हाक मारायचाच नाही, आणि बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायची सोय फक्त उखाण्यात. वडीलही तसेच, कुणी दादा, कुणी तात्या, नाना, अण्णा, अप्पा, सगळं घर जे म्हणेल ते.

यातली दुसरी गोष्ट जरा बोचते. थोरामोठ्यांदेखत बापाने स्वतःचं मूल उचलून घेणं, त्याचे लाड करणं हे फारच निर्लज्जपणाचं मानायचे. पुतण्याला खांद्यावर घेईल पण पोटच्या पोराकडे बघणार नाही. मुलांचे लाड आजोबा करणार, काका करणार. बाप म्हणजे धाक. पोरं बापासमोर उभी राहूनच बोलायची, आणि तेही काही विचारलं तरच.

बाळंतपण कसं व्हायचं?

पहिलं माहेरी, सुईणीच्या हातून. घरातली एक काळोखी खोली रिकामी करायची, बाज टाकायची, खाली शेगडी, वर ओवा-बाळंतशेपांची धुरी, दार-खिडक्या बंद. दहा दिवस सोयर, कुणी शिवायचं नाही. पाचवीची पूजा, मग सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणून पाटी, बोरू ठेवायचा (लिहायला-वाचायला येणारी घरातली एकच बाई, ती म्हणजे सटवाई, असं माझी आजी हसून म्हणायची). बाराव्या दिवशी बारसं, कुंची, टोपडं, तीट. मग रोजची बाळगुटी, सहाणेवर मायफळ, वेखंड, हळकुंड, मुरडशेंग मोजून वेढे देऊन उगाळायची. ज्या आयांना कामावर जावंच लागायचं त्या पोर निजून राहावं म्हणून अफूचा कण चाटवायच्या, हेही तितकंच रोजचं होतं.

पण हे खोलीचं, शेगडीचं वर्णन सगळ्यांचं नव्हे. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे नावाच्या मुलीचा निबंध छापून आला, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली ही मुलगी, वय चौदाच्या आसपास. तिने लिहिलंय की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घराला छप्परही नसतं, थंडी-पावसात किती हाल होत असतील याचा विचार करा. 'पूर्वीची बाळंतपणं किती छान' असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं.

धोंडू, दगडू, भिकू अशी नावं का ठेवायचे?

आधीची पोरं गेली म्हणून. जे मूल दगडधोंड्यासारखं बिनकिमतीचं आहे त्याला मृत्यू कशाला नेईल, हा हिशेब. मुली फार झाल्या तर मात्र नकुशी. ते कारण वेगळं आणि ती पद्धत तिथेच संपली असंही नाही.

मुलं खरंच इतकी दगावायची का?

हो. जुन्या वंशावळ्यांमध्ये 'बालपणी वारला', 'अल्पवयीन' असे शब्द दर पानावर भेटतात. देवी, गोवर, डांग्या खोकला, पटकी, आणि शेवटी १८९६ पासून प्लेग. प्लेगमध्ये तर उंदीर पडायला लागले की अख्खं गाव उठून रानात झोपड्या बांधून राहायचं, आणि पोरांच्या आठवणीत ती एक लांबलचक सहल म्हणून राहिलेली असते, घरच्या मोठ्यांच्या आठवणीत काय असेल तो विचार करवत नाही.

देवीवर मात्र उपाय लवकर आला होता. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली, हिंदुस्थानातली ही पहिलीच लस. ती लस गाईच्या देवीची, बाटलीत टिकवून ठेवायची सोय नाही, त्यामुळे एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातली लस काढून पुढच्याला टोचायची, अशी हातोहात पुढे न्यायची. आता कुठल्याही जातीच्या मुलाच्या दंडातलं पाणी आपल्या मुलाच्या अंगात जाणार हे कळल्यावर लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नको. त्यात देवी म्हणजे रोग नव्हे, घरी आलेली शीतळादेवी. तिला औषध द्यायचं नाही, तिला थंड ठेवायचं, कडुनिंबाचा पाला, दहीभाताचा नैवेद्य. 'देवी काढणारा' गावात आला की आया पोरांना घेऊन शेतात लपायच्या.

सकाळ किती वाजता सुरू व्हायची?

वाजायला घड्याळ कुठे होतं! घड्याळ होतं ते सरकारी कचेरीत, मोठ्या सरदाराकडे किंवा शतकाच्या शेवटी शेवटी नोकरदाराच्या घरात. लग्नमुंजीला घटिकापात्र, पाण्यात ठेवलेली बारीक भोकाची वाटी, ती भरून बुडाली की एक घटका म्हणजे २४ मिनिटं. बाकी रोजचा दिवस कोंबडा, सूर्य आणि सावली यांच्यावर.

बायका पहाटेच उठायच्या कारण दिवसभराचं पीठ त्याच वेळी दळून व्हायला हवं. जात्याची घरघर आणि ओव्या ऐकत पोरं झोपायची, जाग यायची तीही त्यातच. दोन बायका समोरासमोर बसून एकच खुंटा ओढणार, आणि सासूबद्दल, माहेराबद्दल जे बोलायचं ते ओवीतून बोलून घेणार. मग सडा, गोठा, आडाचं पाणी. पोरांनी राखुंडीने नाहीतर कडुनिंबाच्या काडीने दात घासायचे.

आणि एक काम हमखास पोरांचं, शेजारून विस्तव आणायचा. आगपेटी महाग, चकमकीने जाळ करणं वेळखाऊ, म्हणून रात्री चुलीत निखारा राखेखाली पुरून ठेवायचे, तो विझला की गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी पळ. 'विस्तव न्यायला आल्यासारखी काय लगेच चाललीस' असं आमच्याकडे अजून म्हणतात, गॅस येऊन पन्नास वर्षं झाली तरी.

पोरं काय खायची? चहा-पोहे?

चहा नाही. चहा सर्रास घराघरात पोचला तो विसाव्या शतकात. ब्राह्मणी घरात पोरांना सकाळी गुरगुट्या भात, मेतकूट, तूप. देशावर शेतकऱ्याकडे शिळी भाकरी आणि दूध-ताक, नाहीतर आंबील. कोकणात पेज. गहू रोजचा नव्हताच, पोळी सणाला नाहीतर पाहुण्याला. ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात भात आणि नाचणी, कुळथाचं पिठलं, झुणका, अंबाडी, चवळी, जे परड्यात असेल ते.

जेवणं दोन. आधी पुरुष आणि मुलं, मग वाढणाऱ्या बायका, त्यातही सासू-थोरल्या जावा आधी आणि धाकटी सून सगळ्यात शेवटी, म्हणजे तिच्या वाट्याला भांड्याच्या तळाशी जे राहील ते. आमटीत पाणी घालून वाढवणं ही काही गंमत नव्हती. आता आपण 'घरचं सात्त्विक जेवण' म्हणून हळवे होतो तेव्हा ते कुणाला किती मिळायचं हे पण बघायला हवं. आणि १८७६ ते ७८ च्या दुष्काळात तर खेड्यातल्या लोकांनी झाडपाला, कंद उकडून खाल्ले, घरंच्या घरं खडी फोडायच्या कामावर गेली, पोरांसकट.

सोवळं-ओवळं पोरांनाही लागू होतं का?

मुंज होईपर्यंत मुलगे बऱ्यापैकी सुटलेले. पण घरात सोवळं चालू असताना पोराने आजीला चुकून शिवलं की आजीला पुन्हा आंघोळ, आणि पोराला धपाटा. काही घरांत याचा कहर व्हायचा. लक्ष्मीबाई टिळकांनी त्यांच्या वडिलांबद्दल लिहिलंय, वडिलांच्या सासऱ्यांना सत्तावनच्या बंडात फाशी झाली, त्याचा धसका बसून वडिलांचं सोवळं इतकं वाढलं की बाजारातून आलेला प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यायचा. अशा घरात लहान मुलीने काय काय भोगलं हे त्या इतक्या विनोदाने सांगतात की हसताना मधेच आपल्याला लाज वाटते.

संडास होते का?

खेड्यात नाही, सगळे लोटा घेऊन बाहेर. शहरात वाड्याच्या मागच्या बोळात टोपलीचे, आणि ती टोपली डोक्यावरून वाहून नेणारी माणसं ठरलेल्या जातीची. त्यांच्या पोरांचं बालपण त्या बोळातच जायचं.

शाळा कशी असायची?

पंतोजीची. देवळात, कुणाच्या पडवीत, नाहीतर पंतोजींच्याच ओसरीवर. इयत्ता वगैरे काही नाही, पाच वर्षांचं आणि पंधरा वर्षांचं पोर एकाच सतरंजीवर, मोठ्याने धाकट्याला शिकवायचं. फी म्हणजे महिन्याला काही आणे किंवा चक्क धान्य, शिवाय सणाला शिधा. सुट्टी रविवारी नाही, अमावास्येला आणि सणावारी.

आधी धूळपाटी, फळीवर विटकराची बारीक धूळ पसरायची आणि काडीने अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवला, पुन्हा कोरी. हे मला भारी वाटतं, कागद महाग होता त्यावर इतका सोपा तोडगा. मग बोरू आणि काजळाची शाई, ओली शाई टिपायला वर बारीक वाळू टाकायची. कित्ता गिरवायचा. बालबोध म्हणजे देवनागरी ही पोथीसाठी, पण खरं कामाचं अक्षर मोडी, कारण नोकरी लागणार ती मोडी हिशेब लिहिण्यावर. मोडी भरभर लिहायची, हात न उचलता.

शिक्षा भयंकर. छडी, उठाबशा, अंगठे धरून उभं राहायचं आणि पाठीवर दगड, आढ्याच्या दोराला लोंबकळत ठेवायची घोडी. पोरगा शाळा चुकवून लपला तर पंतोजी चार दांडगी पोरं धाडायचे, ती त्याला हातपाय धरून आडवा उचलून घेऊन यायची, ती खरीखुरी उचलबांगडी. आता आपण साहेबाची बदली झाली तरी म्हणतो.

सरकारी शाळा शतकाच्या मध्यापासून वाढल्या, छापील क्रमिक पुस्तकं आली, तपासनीस आले. पण सरकारी म्हणजे सगळ्यांची असं नाही. १८५६ साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि त्याला नकार मिळाला, आणि सरकारने तेव्हा त्याला मदत केली नाही. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी साताऱ्यात शिकणारा भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे मागणी केली होती की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. बारा वर्षं! एवढंच मागितलं होतं.

औटकी म्हणजे काय?

साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. सात औटं साडेचोवीस. पोरांना छळायला नव्हे हो, व्यवहारच तसा होता, रुपयाला सोळा आणे, आण्याला चार पैसे, पैशाला तीन पै, आणि धान्य चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. साडेतीन शेराला इतके तर पावणेदोन शेराला किती, हे दुकानात उभ्या उभ्या तोंडाने सांगायला लागायचं. रोज संध्याकाळी दिवा लावला की शुभंकरोती आणि मग परवचा, म्हणजे सगळे पाढे एका सुरात घोकायचे, एकोणतिसापाशी आवाज बारीक व्हायचा.

परीक्षा वगैरे असायच्या का?

असायच्या, आणि आताच्या पालकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. धोंडो केशव कर्वे, तेव्हा कोकणातल्या मुरूडचा सतरा वर्षांचा मुलगा, १८७५ च्या सुमारास मराठी सहावीची परीक्षा द्यायला दोस्तांबरोबर साताऱ्याला पायी गेला. शंभराहून जास्त मैल, पावसाळी दिवस, मधे कुंभार्ली घाट. पोचला, आणि परीक्षकांनी बघितलं तर हा बारीकसा पोरगा, तू सतराचा दिसत नाहीस म्हणाले आणि बसूच दिलं नाही. झालं, परत.

मुली शिकायच्या का?

१८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंवर रस्त्यात शेण-चिखल फेकला गेला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण घराच्या आत काय व्हायचं ते कमी लोकांना माहीत. शिकलेली बाई विधवा होते असा समज होता, म्हणजे पाटी हातात घेतली की तू नवऱ्याच्या जिवावर उठलीस. रमाबाई रानडे १८७३ मध्ये लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या, अक्षरओळख नाही. नवऱ्याने, म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांनी, स्वतः शिकवायला घेतलं. रमाबाईंना बाहेरच्या सनातन्यांनी छळलं तर छळलंच, पण खरा जाच घरातल्याच बायकांचा, टोमणे, अबोला. मला त्या बायकांचा राग येतो आणि मग वाटतं, त्यांना स्वतःला कुणी पाटी दिली असती तर? सरकारी नाही, मिशनरी नाही, अशी आपल्या लोकांनी काढलेली मुलींची हायस्कूल म्हणजे हुजूरपागा, ती १८८४ ची.

आठव्या वर्षी लग्न? खरंच?

खरंच. ब्राह्मणांत तर ऋतू प्राप्त व्हायच्या आत लग्न झालंच पाहिजे, नाहीतर घराणं वाळीत. कर्व्यांचं लग्न झालं तेव्हा ते चौदा-पंधरा वर्षांचे, राधाबाई आठच्या. रानडे तिशी ओलांडलेले, विधुर, आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असून वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, याची तेव्हाही खूप टिंगल झाली. कल्याणची यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी जोशी झाली, चौदाव्या वर्षी आई, आणि मूल दहा दिवसांत गेलं. तिथूनच डॉक्टर व्हायचं तिच्या मनाने घेतलं, १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात ती गेली, वय बावीससुद्धा पूर्ण नाही.

मुलगी लगेच सासरी राहायला जायची असं नाही. सणाला न्यायचे, परत पाठवायचे, न्हाण आलं की कायमची. माहेरून कुणी न्यायला आलं म्हणजे 'मूळ आलं', त्या मुऱ्हाळ्याची वाट बघण्यात मुलींची अख्खी वर्षं गेलीत. इकडे ती परकर-पोलक्यात भातुकली खेळत होती आणि तिकडे नऊवारी नेसून डोक्यावर पदर घेऊन पाटावरवंट्याशी बसली, यात मधली पायरीच नाही. मुलग्यांचं बालपण हळूहळू संपायचं, मुलींचं एका मुहूर्तावर.

कुणबी आणि इतर बऱ्याच जातींतही लग्न लवकरच, पण तिथे मुलीच्या बापाला देज द्यायची पद्धत होती आणि नवरा मेला तर पाट लावता यायचा, म्हणजे पुन्हा लग्न करता यायचं. ब्राह्मण विधवेला केशवपन आणि तांबडं आलवण. दहा-अकरा वर्षांची मुलगी, नवऱ्याचं तोंडही नीट न पाहिलेली, आणि जन्मभर घरातली फुकटची स्वयंपाकीण. वर जी 'विधवा आत्या' म्हटलं ना ती हीच. पोरांना सगळ्यात जास्त गोष्टी तीच सांगायची.

नाही म्हणणारी पण एक निघाली. रखमाबाई, अकराव्या वर्षी लग्न झालेलं, मोठी झाल्यावर नवऱ्याकडे जायला नकार दिला. १८८४ ला मुंबईत खटला, १८८७ ला कोर्ट म्हणालं नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग, ती म्हणाली तुरुंग. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, पुढे ती डॉक्टर झाली. त्याच वादळातून १८९१ चा संमतीवयाचा कायदा आला, म्हणजे मुलीशी शरीरसंबंध ठेवायला तिचं किमान वय ठरवणारा. त्याने वय किती केलं? दहाचं बारा. आणि त्यावरूनही पुण्यात रण पेटलं होतं.

खेळ कुठले?

मुलग्यांचे विटीदांडू, आट्यापाट्या, हुतूतू, लगोरी, सूरपारंबी, भोवरा, गोट्या. मुलींचे सागरगोटे, काचापाणी, फुगड्या, झिम्मा, भोंडला. खेळणी विकत घ्यायची नसतात, करायची असतात, चिंध्यांची बाहुली, सुताराकडून मागून आणलेला भोवरा, चिंचोके. विटीदांडूतली मोजणी वकट, लेंड, मूंड, नाल अशी, म्हणजे सरळ सरळ तेलुगू-कानडीतले एक, दोन, तीन, चार. मराठी पोरं पिढ्यानपिढ्या दक्षिणी आकडे मोजत होती आणि कुणाच्या बापाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठ्यांसाठी सारीपाट आणि गंजिफा, पोरांनी शेजारी बसून बघायचं.

रात्री काय करायचे?

झोपायचे. देवापुढे समई, स्वयंपाकघरात पणती, दिवलाणीत तेलाची वात, त्या उजेडात वाचणं म्हणजे डोळ्यांची वाट. रॉकेलची चिमणी, कंदील हे शेवटच्या पंचवीसेक वर्षांतलं, आणि तेव्हा ते केवढं झगझगीत वाटलं असेल! अंधारात आजीच्या नाहीतर आत्याच्या भोवती पोरांचं कडं, भुताच्या गोष्टी, आणि मग एकट्याने परसात जायची कुणाची हिंमत नाही. चातुर्मासात देवळात कीर्तन-पुराण, तिथे बुवांच्या आधी पोरंच पेंगायची.

आजोळी कसे जायचे?

बैलगाडीने. दोन गावं म्हणजे दिवस, घाट ओलांडायचा तर मुक्काम, वाटेत तीन दगडांची चूल. कोकणात गलबताने, नंतर आगबोट. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे आगगाडी धावली, १८६३ ला बोरघाटातला रूळ पुरा होऊन मुंबई-पुणे सलग जोडलं गेलं, आणि जो प्रवास तीन-चार दिवसांचा होता तो एका दिवसात आला. काही घरांत आगगाडीतून आलेल्या पोरांना दारातच आंघोळ घालायचे, डब्यात शेजारी कोण बसलं होतं कुणास ठाऊक!

पणजोबांची खरी जन्मतारीख कशी शोधू? आणि पणजीची?

शाळेच्या दाखल्यावर विसंबू नका, मास्तर अंदाजे टाकायचे. जन्मटिपण असेल तर त्यावर शक असतो, त्यात ७८ मिळवा, म्हणजे शके १७८० हे १८५८-५९. टिपण नसेल तर त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या बघा, घरातलं कोण कधी आलं ते नावानिशी असतं, बहुतेक मोडीत, त्यामुळे वाचणारा माणूस बरोबर न्या.

पणजीचं अवघड आहे. वंशावळीत मुली नसतातच आणि सुनांचं असलं तर सासरचं नाव, लग्नात बदललेलं. माझ्या पणजीचं माहेरचं नाव कुणालाच सांगता येईना. शेवटी सापडलं ते माळ्यावरच्या तांब्याच्या घागरीवर, गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेलं, तिच्या बापाने लग्नात दिलेली घागर होती ती. तेव्हा जुनी भांडी मोडीत घालायच्या आधी चिंच लावून घासा आणि कडेला, तळाला नीट बघा.